त्यांच्या सुखाची पानं कोण वाचणार?

टिमोथी कॉनिग्रेव्ह या ऑस्ट्रेलियन नटाचं ‘होल्डिंग द मॅन’ हे आत्मकथन वाचून ज्याचे डोळे कोरडे राहिले असा वाचक मला अजून भेटायचा आहे. मेलबर्नमधली मुलांची जेझुइट शाळा, सत्तरचं दशक. नाटकवेडा टिम शाळेच्या फुटबॉल संघाच्या कप्तानाच्या, जॉनच्या, प्रेमात पडतो आणि जॉन त्याच्या. पुढची पंधरा वर्षं त्यांची एकमेकांशी बांधलेली. १९८५ मध्ये दोघांनाही एचआयव्हीची लागण झाल्याचं कळतं. जानेवारी १९९२ मध्ये जॉन जातो. टिम मागे राहून ही सगळी गोष्ट लिहून काढतो आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये तोही जातो. पुस्तक १९९५ मध्ये निघालं. लिहिणाऱ्याच्या हातात ते कधी पडलंच नाही.

आम्ही ठाण्यातली काही वाचणारी माणसं महिन्यातून एकदा नौपाड्यात कोणाच्या तरी घरी जमतो. ठरवलेलं पुस्तक प्रत्येकाने वाचून यायचं आणि मग चहाबरोबर त्यावर बोलायचं, एवढाच नियम. निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेतले आहेत, एक वकीलबाई आहेत, दोन-तीन तरुण मुलं आहेत. हे आत्मकथन आम्ही वाचलं आणि सगळे रडले. पुरुषही रडले, आणि रडलो असं त्यांनी सांगितलं, जे आमच्या पिढीत सहज घडत नाही.

त्या रडण्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण ते खासगी राहत नाही. १८९३ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय उभारणारं, २०१० मध्ये चौऱ्याऐंशीवं साहित्य संमेलन भरवणारं हे शहर आपल्या वाचनाचा अभिमान बाळगतं आणि तो रास्त आहे. पण इथला वाचक हाच सोसायटीच्या कमिटीवर असतो, शाळेत शिकवतो, दवाखान्याच्या काउंटरवर बसतो, घर भाड्याने देतो. त्याचा मुलगा किंवा मुलगी कधीतरी जेवताना घास तोंडात ठेवून काही सांगू पाहते, तेव्हा समोर तोच असतो. पुस्तक वाचताना त्याच्या मनाला काय झालं, कुठल्या पानावर झालं आणि कुठल्या पानावर झालं नाही, यावर बऱ्याच जणांचं आयुष्य अवलंबून आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. समलिंगी प्रेमाची गोष्ट वाचताना आपण दुःखाच्या पानांवर फार लवकर उदार होतो आणि सुखाच्या पानांवर अवघडतो. आपल्या मनात खरोखर काय आहे हे त्या अवघडण्यात कळतं.

आधी रडणाऱ्यांची बाजू घेते. गंभीरपणे वाचणाऱ्यांत एक मत नेहमी ऐकू येतं की पुस्तक वाचून रडणं हे हलकं काम, साहित्याने विचार करायला लावलं पाहिजे. मला हे पटत नाही. मराठी रंगमंचावर आणि हिंदी पडद्यावर बायकी चालीचा पुरुष आला की हसायचं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. गडकरी रंगायतनच्या अंधारात ते हशे मी कित्येकदा ऐकले आहेत. शाळेत एखाद्या मुलाला ‘बायल्या’ हे नाव पडलं की दहावीपर्यंत ते सुटत नसे आणि कुठल्याही शिक्षकाला त्यात गैर वाटत नसे. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ या प्रेमाला गुन्हा ठरवत होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी ते दूर केलं, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी पुन्हा आणलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कायमचं मोडीत काढलं. म्हणजे आज चाळिशीत असलेला कोणीही समलिंगी माणूस या देशात आधी गुन्हेगार, मग साडेचार वर्षं निर्दोष, मग पुन्हा गुन्हेगार आणि मग नागरिक असा जगला आहे. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालात लिहिलं की इतिहासाने या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी. ज्या पिढीने हसणं शिकलं, त्या पिढीतला साठीचा गृहस्थ दोन पुरुषांच्या ताटातुटीवर रडतो, तेव्हा त्याने आयुष्यभराची एक सवय मोडलेली असते. त्याचं रडणं मी हलकं मानणार नाही. त्या दोघांमधलं नातं प्रेमाचं होतं, एवढं त्याच्या मनाने कबूल केलेलं असतं.

आता त्यापुढचं. आमच्या गटात जी पानं पुन्हा पुन्हा निघाली ती सगळी रुग्णालयातली होती. वाळत चाललेलं जॉनचं शरीर, टिमने केलेली सेवा, शेवटच्या रात्री. सेवा हा शब्द आला की मराठी मन विरघळतंच. त्याआधीची शे-दीडशे पानं मात्र कोणी काढली नाहीत. मुद्दाम विचारल्यावर कोणी म्हणालं, तो भाग जरा जास्तच मोकळा आहे. कोणी म्हणालं, तेवढं नसतं तर पुस्तक सगळ्यांना देता आलं असतं. एका काकांनी सरळ सांगितलं की ती पानं त्यांनी चाळून पुढे टाकली.

त्या पानांत दोन मुलं एकमेकांच्या प्रेमात पडतात. वर्गात चिठ्ठ्या, फोनवर तासन्‌तास बोलणं, घरच्यांची नजर चुकवणं, एकमेकांच्या शरीराचं कुतूहल आणि आनंद. लेखक काहीही झाकत नाही. पुढे नाट्यशिक्षणासाठी तो सिडनीला जातो, दोघांच्यात अंतर पडतं, इतरांशी संबंध येतात, तेही तो लिहितो. आजार बहुधा आपल्यामुळेच जॉनला झाला असावा, हे ओझंही तो लपवत नाही. आमच्या गटाला इथे टिमचा राग आला. ‘इतकं प्रेम होतं तर मग असं का वागला?’ हा प्रश्न मी तीन-चार तोंडून ऐकला. प्रश्न चुकीचा आहे असं नाही. पण स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथा वाचताना आपण इतके कडक कधी असतो? मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि नाटकांत चुकणाऱ्या, फसवणाऱ्या, पुन्हा परत येणाऱ्या पुरुषांना आपण किती सहज समजून घेतलं आहे. तिथे आपण म्हणतो, माणूस आहे. इथे आपल्याला संत हवा असतो. एकनिष्ठ, सोशिक, आजारी आणि शक्यतो शरीर नसलेला. असा माणूस पुस्तकात भेटला की आपण त्याला मनात जागा देतो. त्याला भूक असेल, चेष्टा सुचत असेल, तो चुकत असेल, तर आपला हात आखडतो.

आणि ती पानं वगळली तर रुग्णालयाच्या पानांना अर्थ तरी काय उरतो? जॉनचं मरण आपल्याला लागतं, कारण त्याला धावताना, लाजताना, हसताना आपण पाहिलेलं असतं. ते पाहिलंच नसेल तर आपण एका अनोळखी रुग्णासाठी रडलो. ती करुणा झाली. करुणेला मी वाईट म्हणत नाही, पण करुणेत आपण नेहमी वरच्या पायरीवर उभे असतो.

मग आईबापांचा विषय निघाला. निघणारच होता. बोलणं अर्ध्यावर आलं तेव्हा आम्ही टिम आणि जॉनला सोडून त्यांच्या आयांबद्दल बोलत होतो. ‘त्या माउलीचं काय झालं असेल!’ खोलीतल्या प्रत्येक बाईला रडवणारं वाक्य ते होतं. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये आलं. तेव्हापासून मराठी वाचकाचे अश्रू आईच्या दिशेने वाहायला शिकले आहेत, आणि त्या शिक्षणाने आपल्याला बरंच काही दिलं. मीही आई आहे. मुलाने असं काही सांगितलं तर आईच्या पोटात काय कालवतं हे मला कोणी समजावून सांगायला नको. लोक काय म्हणतील, याचं म्हातारपणी कोण बघणार, नातवंडं, नातेवाईक, धाकटीचं लग्न. ही भीती खोटी नाही.

पण आईचं दुःख पहिलं ठेवलं की मुलगा आरोपी होतो. त्याने काहीतरी केलं आणि आईला सोसावं लागलं, अशी ती गोष्ट बनते. मग त्या दुःखावर उपाय शोधला जातो. ठाण्यात, पुण्यात, नाशिकात तो उपाय अजूनही एकच असतो, लग्न लावून देणे. ‘एकदा लग्न झालं की होईल सगळं ठीक.’ वधू-वर सूचक मंडळात नाव घालतात, पत्रिका जुळवतात, आणि ज्या मुलीचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही तिला त्या घरात आणतात. तिला कोणी काही सांगत नाही. आपल्यातच काही कमी आहे असं समजून ती वर्षं काढते, रात्री कूस बदलून झोपायला शिकते, आणि मूल का होत नाही या प्रश्नाला सासूच्या मैत्रिणींपुढे तोंड देते. माझ्या ओळखीत असं एक घर आहे. त्या घरातल्या सुनेसाठी रडणारं कोणी मला भेटलेलं नाही. आईच्या अश्रूंची किंमत तिने चुकवली. ज्याला या विषयात कुटुंबाची काळजी आहे असं वाटतं, त्याने आधी त्या मुलीचा विचार करावा.

दुसरा उपाय डॉक्टरचा. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने तर १९७३ मध्येच काढली होती. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीरपणे सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये, असा कल ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. १९०१ पासून मनोरुग्णालय असलेल्या आणि मनाच्या आजारांवर व्याख्यानांतून मोकळेपणाने बोलणाऱ्या या शहरात हे घरोघरी ठाऊक असायला हवं होतं. तरी अजून कोणीतरी कोणालातरी ‘एक चांगले डॉक्टर आहेत’ म्हणून नंबर देतं आणि मुलगा सहा महिने गोळ्या खात राहतो. उपचार लागतो तो घरातल्या भीतीला. चांगला समुपदेशक आईवडिलांनाच समोर बसवतो.

आमच्या बैठकीत आणखी एक गोंधळ झाला, तो इथेच सोडवून पुढे जाते. एका बाईंनी विचारलं, ‘म्हणजे हे तृतीयपंथीच ना?’ ठाण्यातच वाढलेल्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्यामुळे तो विषय आमच्या शहराला जवळचा आहे, म्हणून प्रश्न स्वाभाविक होता. पण आपण कोण आहोत, पुरुष की स्त्री की आणखी कोणी, हा एक प्रश्न. आपल्याला प्रेम कोणाबद्दल वाटतं हा दुसरा. कायदाही त्यांचा वेगळा आहे. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा निकाल १५ एप्रिल २०१४ चा, त्यांच्यासाठीचा कायदा २०१९ चा. जॉन हा फुटबॉल खेळणारा, पुढे कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठीच्या कण्यावर हातांनी उपचार करणारा, झालेला, दिसायला-वागायला चारचौघांसारखा पुरुष होता आणि त्याचं एका पुरुषावर प्रेम होतं. काही वाचकांना तेच पचायला जड गेलं. ‘तो’ ओळखू येईल असा असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

या पुस्तकावर रडणं आपल्याला सोपं गेलं याला अंतर हेही एक कारण आहे. मेलबर्न लांब, काळ जुना, माणसं गोरी, आजार भयानक. आपल्याला काही करायचं नाही. आणि शेवट मरणाचा, त्यामुळे त्या दोघांचं पुढे काय करायचं, त्यांना घरी जेवायला बोलवायचं का, हा प्रश्नच उरत नाही. काही वाचकांच्या बोलण्यात तर मला एक सुटकेचा सूर ऐकू आला. ‘शेवटी असंच होतं ना यांचं.’

असंच होत नाही. हे मला ठासून सांगायचं आहे. टिम ऑक्टोबर १९९४ मध्ये गेला. एचआयव्हीवर खरोखर परिणाम करणारी, अनेक औषधं एकत्र देणारी उपचारपद्धती १९९६ मध्ये रुजली. दोन वर्षांचा फरक. त्या दोन वर्षांनी एक पिढी गिळली. भारतात सरकारी रुग्णालयांतून ही औषधं मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. आज औषध नियमित घेणारा माणूस नोकरी करतो, म्हातारा होतो, आणि त्याच्या रक्तात विषाणू मोजता येण्याच्या पातळीखाली राहिला तर लैंगिक संबंधातून त्याच्यापासून कोणाला लागण होत नाही. २०१७ च्या कायद्याने त्याच्याशी भेदभाव करायला बंदी केली आहे. जॉनचं मरण त्याच्या प्रेमाचं फळ नव्हतं. एक विषाणू होता, औषध उशिरा आलं. गर्भवती बाया बाळंतपणात मरत होत्या तेव्हा लग्न हे पाप आहे असं कोणी म्हटलं नाही.

पण पुस्तकांच्या बाजारात मरणाला मान आहे. ज्या समलिंगी प्रेमकथा दूर-दूर पोचतात त्यांतल्या कितीतरी मरणावर, आत्महत्येवर नाहीतर ताटातुटीवर संपतात. आपल्याला तसंच आवडतं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचतं. ज्याला लिहायचं आहे त्या तरुणालाही हे कळतं. आपल्या आयुष्यातलं दुःख तेवढं विकलं जाईल, हे त्याला आपण वाचकच शिकवतो.

घोडबंदर रोडवर, ओवळ्याच्या पुढे, एका वन-बीएचकेत राहणाऱ्या दोन पुरुषांचं आत्मकथन उद्या मराठीत आलं असं समजू. एकाचं ऑफिस ऐरोलीला, दुसऱ्याचं वागळे इस्टेटला. सकाळी मेट्रोच्या कामामुळे अडलेली वाहतूक, उन्हाळ्यात टँकर, हप्ते, कोणाच्या आईला गुडघेदुखी, कांदा कोणी चिरायचा यावरून वाद, रविवारी उपवनला फेरी. पंधरा वर्षांनी दोघांचे केस पांढरे, बाकी सगळं आहे तसं. कोणी मेलं नाही. कोणी कोणाला सोडलं नाही. हे पुस्तक आम्ही नौपाड्यात वाचू का? वाचलं तर त्यावर काय बोलू? रडायला त्यात काही नाही. त्यांच्या सुखाकडे आपल्याच सुखाइतक्या निवांतपणे बघता आलं पाहिजे, आणि तिथे आपण तयार नाही. ‘ठीक आहे, पण लिहायची काय गरज होती?’ ही प्रतिक्रिया मला आत्ताच ऐकू येते.

‘खासगी गोष्टी खासगी राहू द्याव्या’ हे मत सभ्य माणसंही मांडतात, म्हणून त्याला उत्तर देते. २०१८ चा निकाल ज्या पायावर उभा आहे, तो २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल खासगीपणाचा मूलभूत हक्क मान्य करणाराच आहे. पण खासगीपणाचा अर्थ इतरांनी डोकावू नये असा आहे. स्वतः कायम पडदा लावून बसावं असा तो नाही. आमच्या इमारतीत प्रत्येक जोडप्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस गच्चीवर मांडव घालून साजरा होतो, आणि ते योग्यच आहे. त्याला कोणी खासगी बाब म्हणत नाही.

आता त्या पुस्तकातल्या एका गोष्टीकडे येते, जी वाचून मला रडू आलं नाही, संताप आला. जॉनच्या मागे राहणाऱ्या वस्तूंवर हक्क कोणाचा, हा प्रश्न जॉन अंथरुणावर असतानाच घरच्यांकडून निघतो. आणि अंत्यविधीत टिमची ओळख ‘मित्र’ एवढीच होते. पंधरा वर्षांनंतर मित्र. आमच्या गटात हे वाचून सगळे हळहळले. मी विचारलं, जवाहरबाग स्मशानभूमीत आज काय होईल? रक्ताचं नातं नसलेला, लग्नाचं प्रमाणपत्र नसलेला माणूस तिथे कुठे उभा राहील? वकीलबाई सोडून कोणाकडे उत्तर नव्हतं.

तिथलं कायद्याचं चित्र असं. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो विषय संसदेचा आहे असं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्यामुळे हिंदू वारसा कायद्यात पार्टनर कोणीच लागत नाही. मृत्युपत्र केलं तर स्वकष्टाची मालमत्ता त्याला देता येते, न केलं तर वर्षानुवर्षं तोंड न पाहिलेले नातेवाईक येऊन घराला कुलूप लावू शकतात. सोसायटीत किंवा बँकेत नामनिर्देशन केलं तरी नामनिर्देशित माणूस त्यामुळे मालक होत नाही. काही बारीक फटी मात्र उघडल्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने बँकांना कळवलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी त्यांना एक कुटुंब मानावं, आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, अशीही पत्रं त्याच सुमारास राज्यांकडे गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपला प्रतिनिधी म्हणून कोणाही सज्ञान माणसाचं नाव देता येतं, नातं लागत नाही. हे काउंटरवरच्या माणसाला माहीत असतं का? पुष्कळदा नसतं. आणि तो माणूस आपल्यापैकीच कोणीतरी असतो.

१९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं आणि मध्यमवर्गीय मराठी वाचक हादरला. पुस्तकाने डोळे पाणावले, तरी भाड्याची खोली बघायला आलेल्याला आडनाव विचारणं थांबलं नाही. त्या अनुभवाची आठवण मला या पुस्तकाच्या निमित्ताने होते, कारण इथेही गाडी भाड्याच्या घरावरच अडते. ठाण्यात घर शोधणाऱ्या दोन पुरुषांना एजंट पहिलाच प्रश्न विचारतो, ‘फॅमिली आहे का?’ बॅचलर चालत नाहीत. चालले तर दोघांनी मावसभाऊ व्हायचं. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर दोघांची नावं, पोलीस पडताळणी, सोसायटीचं ना-हरकत पत्र, आणि सेक्रेटरींसमोर बसून सांगायची ती मावसभावांची गोष्ट. पुढे लिफ्टमध्ये, वॉचमनशी, पूजेच्या प्रसादाला गेल्यावर तीच गोष्ट रोज सांभाळायची. कुठल्याही आत्मकथनात हे पान आलं तर त्यावर कोणी रडणार नाही, इतकं ते किरकोळ वाटतं. राहणाऱ्याला मात्र ते रोज जगावं लागतं.

वाचक एकटा काय करणार, कायदा बदलायला हवा, असं गटातल्या एका तरुणाने म्हटलं. कायदा बदलायलाच हवा, यात वाद नाही. पण २०१८ मध्ये कायदा बदलला आणि घरमालक बदलला नाही. तो बदलायला संसद लागत नाही.

माझ्या इमारतीत भाडेकरू ‘फॅमिली’च असावेत असा अलिखित दंडक आहे. तो मोडावा, नामनिर्देशनाच्या अर्जावर नात्याबद्दल चौकशी करू नये, आणि भाडेकरूंची एकमेकांशी नाती काय याची विचारणा कमिटीने करू नये, असा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर घेण्यासाठी मी पत्र तयार केलं. सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची आहे. गटातल्या ज्या शिक्षिकाबाई त्या पुस्तकावर सगळ्यांत जास्त रडल्या, त्या माझ्याच इमारतीत राहतात. मी सही मागायला गेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, ‘अगं, घरात मुलं आहेत सगळ्यांच्या. त्यांना काय सांगायचं?’

त्यांचा मला राग नाही आला. त्यांचं रडणं खरं होतं आणि भीतीही खरी आहे. मुलांना काय सांगायचं याचं उत्तरही अवघड नाही. चौथ्या मजल्यावर दोन काका राहतात, ते एकमेकांचे पार्टनर आहेत. मुलं पुढचा प्रश्न क्रिकेटचा विचारतात. पण त्या घरांतल्या मुलांपैकी एखादं मूल स्वतःच टिमच्या किंवा जॉनच्या वयाचं आहे, त्यांच्यासारखं आहे, आणि आपल्या सोसायटीत अशा माणसांना घर मिळतं की नाही हे ते बघतं आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्या शाळेत पस्तीस वर्षं होत्या. असे विद्यार्थी त्यांच्या वर्गात होतेच. कोण असतील ते, हे त्यांना त्या क्षणी आठवू लागलं असावं, कारण त्यांनी दोन नावं घेतली आणि म्हणाल्या, ‘तेव्हा आम्हाला कळलं नाही.’

सही त्यांनी अजून केलेली नाही. पुस्तक त्यांनी माझ्याकडून पुन्हा मागून नेलं आहे, या वेळी पहिली दीडशे पानं वाचायला. पत्रावर सध्या चार सह्या आहेत, सेक्रेटरींना मी ते येत्या सोमवारी देणार आहे.